एडमंटनचा जून : स्टॅन्ली कप फायनल, ०-३ पासून सातव्या मॅचपर्यंत

ताई आणि दाजी कॅनडात एडमंटनला जाऊन बरीच वर्षं झाली. बोलावणं दर वर्षी यायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला ऑइलर्स या एडमंटनच्या आइस हॉकी टीमने डॅलसला सहा मॅचमध्ये घरी पाठवलं आणि त्याच रात्री दाजींचा फोन, "आता ये, असा जून परत कधी येईल सांगता येत नाही." व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता, तिकीट मिळेल त्या भावात घेतलं आणि निघालो. मुंबई ते एडमंटन प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, लांब आहे एवढंच.

ज्यांना या खेळाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची प्रोफेशनल लीग, ३२ टीम. एप्रिलमध्ये त्यातल्या १६ प्लेऑफला येतात, चार राऊंड, आणि प्रत्येक राऊंड सात मॅचचा, आधी चार जिंकेल तो पुढे. म्हणजे स्टॅन्ली कप, लीगची ट्रॉफी, उचलायचा तर १६ मॅच जिंकायच्या, दोन महिने, एक दिवसाआड, त्याच त्याच टीमशी अंगाला अंग घासत. आपल्या आयपीएलच्या फायनलमध्ये एक संध्याकाळ वाईट गेली की खेळ संपला, इथे तसं नाही, इथे वाईट संध्याकाळ पचवून परवा परत उभं राहावं लागतं. मला जे सगळ्यात जास्त भिडलं ते हेच, म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

गुरुवार १३ जून, तिसरी मॅच

मी पोचलो तेव्हा फायनलमध्ये फ्लोरिडा पँथर्स २-० ने पुढे होते. पहिल्या मॅचला त्यांच्या बॉब्रॉव्स्की या गोलकीपरने ३२ शॉट अडवले होते, ऑइलर्सला एकही गोल करू दिला नव्हता. तरी गावात फिरताना कोणी हरलेलं वाटत नव्हतं. गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे, बँकेतल्या काउंटरवरच्या बाई जर्सीत, सिटी बसच्या पाटीवर मार्ग क्रमांकाच्या जोडीला गो ऑइलर्स गो. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल फायनल असली की आदल्या दिवसापासून गल्लीत दुसरा विषय नसतो, तसं हे, फक्त दहा लाखाच्या वर वस्तीचं अख्खं शहरच एक पेठ झालेलं.

ताईचं घर मिल वुड्समध्ये, शहराच्या आग्नेयेला. तिथून व्हॅली लाइन नावाची नवी एलआरटी, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, थेट डाउनटाउनला जाते, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. १०२ स्ट्रीटच्या स्टॉपला उतरलं की रॉजर्स प्लेस, म्हणजे ऑइलर्सची एरिना, चालत पाच मिनिटं. (मॅचच्या दिवशी गाडी नेऊ नका, पार्किंगचे दर बघून वाईट वाटेल आणि बाहेर पडायला तासभर लागेल. बस-ट्रेनचं आर्क कार्ड काढा, टॅप करा, बसा.)

एरिनाच्या बाहेर ऑइलर्सचा जुना दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झकीचा पुतळा आहे, दोन्ही हातांनी कप डोक्यावर धरलेला. त्याच्यापाशी फोटोसाठी रांग लागलेली आणि माझ्या पुढे एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, जर्सी इतकी जुनी की केशरी रंग पिवळट पडलेला. गप्पा सुरू झाल्या. १९८४ साली ऑइलर्सने पहिला कप जिंकला तेव्हा ते जुन्या कोलिझियममध्ये बसलेले होते, घरच्या आइसवर न्यूयॉर्क आयलंडर्सना हरवून. मग ८५, ८७, ८८, ९०, एका दमात सगळी सालं सांगितली. २००६ ला सातव्या मॅचपर्यंत जाऊन कॅरोलायनाकडून हरलो ते सांगताना थांबले थोडे. आणि म्हणाले की १९९३ ला मॉन्ट्रियल जिंकलं त्यानंतर कॅनडातल्या एकाही टीमने कप उचललेला नाही, माझी नात कॉलेज संपवून नोकरीला लागली, तिने एकदाही बघितलेलं नाही.

मॅच शेजारच्या प्लाझात मोठ्या स्क्रीनवर बघितली. फुकट आहे, पण लवकर जावं लागतं. या जागेला मॉस पिट म्हणतात, जोई मॉस यांच्या नावावरून. डाउन सिंड्रोम असलेले जोई मॉस वर्षानुवर्षं टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करायचे, राष्ट्रगीत सुरू झालं की सगळ्यात जोरात तेच म्हणायचे, २०२० मध्ये गेले. शहराने आपल्या सगळ्यात गर्दीच्या जागेला खेळाडूचं नाही तर त्यांचं नाव दिलं, मला ते फार आवडलं.

मॅच वीस-वीस मिनिटांच्या तीन पिरियडची असते. दुसऱ्या पिरियडमध्ये पँथर्सने साडेसहा मिनिटांच्या आत तीन गोल टाकले, ४-१. माझ्या शेजारच्या पोराने डोळ्यांवर टोपी ओढून घेतली. शेवटच्या पिरियडमध्ये ऑइलर्सने दोन परत केले, ४-३, आणि वेळ संपली. मालिका ०-३.

परत जाताना ट्रेनमध्ये दाजींनी हिशेब सांगितला. फायनलमध्ये ०-३ वरून कप जिंकणारी टीम आजवर एकच, १९४२ ची टोरंटो मेपल लीफ्स, डेट्रॉइटविरुद्ध. बाकी कोणालाच जमलेलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "शनिवारी लवकर निघू, पुढे जागा मिळेल."

शनिवार १५ जून, चौथी मॅच

हा दिवस दोन खेळांचा. सकाळी साडेआठला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची भारत विरुद्ध कॅनडा मॅच होती, फ्लोरिडात लॉडरहिलला. पोहे करून सगळे टीव्हीसमोर बसलो, भाचीने एका गालावर तिरंगा आणि एका गालावर मेपलचं पान काढून घेतलं, आणि मैदान ओलं म्हणून एकही बॉल न पडता मॅच रद्द झाली. नकाशावर बघितलं तर लॉडरहिल आणि पँथर्सचं गाव सनराइज एकमेकांना लागून आहेत. म्हणजे ज्या भागात पाणी साचून आपली मॅच वाहून गेली त्याच भागातली टीम संध्याकाळी इथे बर्फावर कप उचलायला येणार होती.

त्यांना त्या दिवशी जिंकलं की कप मिळणार होता, आणि कप खरंच एडमंटनमध्ये आलेला होता, पेटीत. लोकांना हे माहीत होतं. हरलो तर दुसऱ्या गावाने आपल्या घरात कप उचललेला बघावा लागणार, तरी प्लाझा गुरुवारपेक्षा जास्त भरलेला.

सुरुवातीलाच ऑइलर्सचा एक खेळाडू पेनल्टीत बाहेर, म्हणजे चार विरुद्ध पाच, आणि तशात ऑइलर्सच्याच यानमार्कने गोल केला. तिथून जे सुटले ते थांबलेच नाहीत. ८-१! बॉब्रॉव्स्कीला मॅचच्या मधेच बाहेर काढलं. ऑइलर्सच्या कॅप्टन मॅक्डेव्हिडने एक गोल आणि तीन असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) केले, आणि एका प्लेऑफमध्ये ३१ असिस्टचा ग्रेट्झकीचा १९८८ चा विक्रम त्यात मोडला. विक्रम मोडला तेव्हा स्क्रीनपासून थोड्या अंतरावर ग्रेट्झकीचा पुतळा उभाच होता, आणि काही लोक खरंच वळून त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

मॅच संपली तेव्हा नऊ वाजत आलेले आणि आकाशात लख्ख ऊन. मिल वुड्सला परतलो तर ३४ अव्हेन्यूच्या बाजूला पंजाबी पोरं ढोल घेऊन उतरलेली, ऑइलर्सची जर्सी, त्यावर केशरी पगडी, गाड्यांचे हॉर्न. ताई म्हणाली चल, आणि आम्ही अर्धा तास नाचलो.

रविवार १६ जून

मॅच नाही. एल्क आयलंड नॅशनल पार्कला गेलो, पूर्वेला पाऊण तासावर. रस्त्याच्या कडेला बायसन बसलेले, आपल्या गव्यापेक्षा डोकं मोठं, दाढी लोंबती. गाडीतूनच बघा, खाली उतरू नका. आणि मच्छर! जूनमध्ये अल्बर्टात मच्छराचा स्प्रे नसेल तर तळ्याजवळ उभं राहता येत नाही.

खाण्याचं इथेच लिहून टाकतो. एडमंटनचा म्हणून एक पदार्थ आहे, ग्रीन अनियन केक. केक नाव असलं तरी तो कांद्याच्या पातीचा जाड, पदर सुटणारा पराठाच, वरून तिखट सॉस. तो खाच. डोनेअर म्हणजे मांसाचे काप पोळीत गुंडाळून वर गोडसर पांढरा सॉस, मला गोडपणा झेपला नाही, दाजी दोन खातात. आणि युक्रेनी लोकांची वस्ती जुनी असल्यामुळे पेरोगी कुठेही चांगले मिळतात, बटाटा-चीजचे घ्या, शाकाहारी लोकांचं पोट भरतं.

मंगळवार १८ जून, पाचवी मॅच

मॅच फ्लोरिडात, पण रॉजर्स प्लेसमध्ये वॉच पार्टी. म्हणजे आइसवर कोणी नाही, सगळे छताला टांगलेल्या महाकाय स्क्रीनकडे बघणार. तिकीट फारच स्वस्त, पैसे समाजकार्याला. ज्यांना खऱ्या मॅचचं तिकीट परवडणार नाही त्यांनी हे नक्की करा, एरिना आतून बघून होतं आणि आवाज तोच असतो.

राष्ट्रगीत चार हजार किलोमीटरवर चाललेलं आणि इथे हजारो लोक उभे राहून म्हणतायत. मी कधी असं बघितलं नव्हतं.

परत पेनल्टीत असताना गोल, या वेळी कॉनर ब्राउन. ३-० झाले, मग ४-१, आणि मग पँथर्स सरकत सरकत ४-३ वर आले. शेवटच्या दोन मिनिटांत पँथर्सने गोलकीपर काढून जास्तीचा खेळाडू आणलेला, पक (खेळायची रबरी चकती) त्यांच्या रिकाम्या गोलकडे घरंगळत चाललेला आणि त्यांच्या टकाचकने आडवं झोकून देऊन रेषेवरून तो बाहेर काढला, सगळी एरिना ओरडली, आणि पुढच्याच क्षणात मॅक्डेव्हिडने परत टाकला. ५-३. सलग दोन मॅचमध्ये चार-चार पॉइंट (गोल किंवा असिस्टचा प्रत्येकी एक), फायनलच्या इतिहासात असं आधी कोणी केलेलं नव्हतं.

जिंकल्यावर एक ठरलेलं गाणं लागतं, तेही जोई मॉस यांचं आवडतं. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई ते म्हणता म्हणता रडत होत्या. नर्स होत्या, नाइट ड्यूटीला थेट तिथूनच जाणार होत्या, जर्सीच्या खाली हॉस्पिटलचे निळे कपडे.

बुधवार १९ जून

भाची मला तिच्या रिंकवर घेऊन गेली. एडमंटनमध्ये दीडशेहून जास्त कम्युनिटी लीग आहेत, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी चालवलेली मंडळं, आणि कित्येकांची स्वतःची उघड्यावरची रिंक असते. हिवाळ्यात संध्याकाळी शेजारपाजारचे स्वयंसेवक पाइपने पाणी मारतात, उणे वीसमध्ये, थरावर थर गोठवत जातात तेव्हा ती तयार होते. जूनमध्ये नुसती सिमेंटची फरशी आणि भोवती लाकडी फळ्या. फळ्यांवर पकचे काळे गोल ठसे, इतके दाट की मूळचा पांढरा रंग कोपऱ्यातच उरलेला. तिथे सोमाली, पंजाबी, फिलिपिनो, गोरी, सगळी पोरं टेनिस बॉलने खेळत होती आणि प्रत्येक जण मॅक्डेव्हिड. भाचीला मात्र ऑइलर्सचा तेव्हाचा गोलकीपर स्किनर आवडायचा, कारण तो एडमंटनचाच, इथेच वाढलेला.

लोकांना या टीमचा इतका नाद का, हे मला प्लाझापेक्षा त्या फळ्या बघून जास्त कळलं. लांबलचक थंडीत हाच खेळ लोकांना घराबाहेर काढतो.

शुक्रवार २१ जून, सहावी मॅच

दाजींच्या ऑफिसमधल्या एकाकडे सीझन तिकिटं आहेत, त्याला गावाला जावं लागलं आणि त्याने आम्हाला मूळ किमतीत दिली, रिसेलवर तेव्हा काय भाव चालले होते ते बघून मी फोन बंद केला होता. अशी माणसं असतात.

सीट अगदी वर. आत थंडी असते, जून असला तरी जॅकेट न्या, मोठी बॅग नेऊ नका, आणि वॉर्मअपला वेळेत जाऊन खाली काचेपाशी उभे राहा, तेव्हा सोडतात. मी गेलो. टीव्हीवर हा खेळ सपाट दिसतो. काचेपाशी पहिल्यांदा कळलं की यांचा वेग काय आहे. स्केटची पाती बर्फ कापतात तो करकर आवाज, पक फळीवर आपटला की छातीत बसणारा दणका, आणि खेळाडू वळला की उडणारा बर्फाचा चुरा थेट काचेवर येऊन वितळतो. मॅक्डेव्हिड माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याची दाढी दिसली, प्लेऑफ संपेपर्यंत दाढी करायची नाही अशी इथली जुनी रीत आहे.

साडेअठरा हजारांच्या आसपास माणसं बसतात. पहिला गोल फोगेलचा, ड्रायझाइटलने डाव्या बाजूने ओढत नेऊन दिलेला. दुसरा पिरियड सुरू होऊन मिनिटही झालं नाही तर हेन्रीक, २-०. आणि दहा सेकंदांत पँथर्सच्या बार्कोव्हने गोल केला, २-१. एरिना गप्प. मग कोच नॉब्लॉकने आव्हान दिलं की त्याआधी पँथर्सचा एक खेळाडू ऑफसाइड होता, म्हणजे पकच्या आधी निळ्या रेषेपलीकडे गेला होता. अंपायर हेडफोन लावून टॅब्लेट बघतायत, वर स्क्रीनवर तीच फ्रेम पुन्हा पुन्हा, निळी रेषा, स्केट आणि पक यांच्यामध्ये एक बोटभर अंतर. माझ्या शेजारी बसलेला अनोळखी माणूस माझा हात धरून बसलेला. गोल रद्द झाला. तो आवाज मी लिहू शकत नाही, सीट हलत होती.

हायमन एकटा सुटला आणि ३-०. तिसऱ्या पिरियडमध्ये बार्कोव्हने एक केला, पण मग पँथर्सने गोलकीपर काढून जास्तीचा खेळाडू आणला आणि रिकाम्या गोलात आधी मक्लाउड, मग डार्नेल नर्स. ५-१. मालिका ३-३. ०-३ वरून फायनलची सातवी मॅच याआधी १९४५ ला झालेली. आणि गंमत म्हणजे त्या रात्री मॅक्डेव्हिडचा एकही पॉइंट नव्हता, बाकीच्यांनी ओढून नेलं. मला हीच मॅच सगळ्यात आवडली.

बाहेर आलो तर अजून उजेड, सूर्य दहानंतर मावळतो. जॅस्पर अव्हेन्यूवर माणूसच माणूस. मला ते आजोबा दिसतील असं वाटत होतं, नाही दिसले. एक सरदारजी मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते, मी भारतातून मॅच बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी ओळखपाळख नसताना मिठी मारली आणि मुलाला सांगितलं, "देख, ये कोल्हापुर से आये हैं."

सोमवार २४ जून, सातवी मॅच

सकाळी परत क्रिकेट, भारत-ऑस्ट्रेलिया, सेंट लुसिया. रोहितने ४१ बॉलमध्ये ९२ ठोकले, आपण २४ रनांनी जिंकलो. ताईने शिरा केला. सगळ्यांना वाटलं दिवस आपला आहे.

संध्याकाळची मॅच शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये बघितली. उन्हाळ्यात इथे लोक गॅरेजचं शटर वर करून टीव्ही लावतात आणि अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन येते. बाहेरच्या टीव्हीवर इंग्रजी, आणि आत स्वयंपाकघरात त्यांच्या बीजी पंजाबी कॉमेंटरी लावून बसलेल्या. हॉकी नाइट इन कॅनडाचं पंजाबी प्रसारण २००८ पासून चालू आहे, बीजींना इंग्रजी फारसं येत नाही पण पॉवर प्लेमध्ये (समोरचा एक जण पेनल्टीत बाहेर असताना) कोण कुठे उभं राहायला हवं ते त्यांनी मला समजावून सांगितलं, लाटणं हातात घेऊन.

पँथर्सचा व्हरहेगी, १-०. दोन-तीन मिनिटांत यानमार्क, १-१, खुर्च्या पडल्या. दुसऱ्या पिरियडच्या शेवटाकडे राइनहार्ट, २-१. तिसरा पिरियड पूर्ण वीस मिनिटं सगळे उभे. एकदा पक गोलसमोर सुटा पडलेला, मॅक्डेव्हिड आणि हायमन दोघंही तिथे, आणि जमलं नाही. वेळ संपली. फ्लोरिडाचा पहिला कप.

टीव्ही कोणी बंद केला नाही. मालिका संपली की दोन्ही टीम रांगेने एकमेकांशी हात मिळवतात, ती पद्धत मला या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, दोन आठवडे एकमेकांना फळीवर आपटून मग प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून दोन शब्द. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी मॅक्डेव्हिडला, ४२ पॉइंट. हरलेल्या टीमच्या, गोलकीपर नसलेल्या खेळाडूला ती १९७६ नंतर पहिल्यांदाच मिळाली. नाव पुकारलं, तो घ्यायला आला नाही. गॅरेजमधल्या एकानेही त्याला त्याबद्दल नाव ठेवलं नाही. बीजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या पोरांना जेवायला वाढा.

भाची मात्र जेवली नाही. तिला मी काही समजावायला गेलो नाही. नोव्हेंबरमध्ये हीच टीम लीगच्या तळाशी होती, कोच बदलला, मग सलग १६ मॅच जिंकली, आणि शेवटी एका गोलने राहिली. तिला ते सगळं माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. प्लेऑफ एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंत असतात, आणि पहिल्या राऊंडची तिकिटं फायनलच्या मानाने खूपच आवाक्यात असतात, गर्दीचा जोश मात्र तेव्हाही पूर्ण असतो असं दाजी सांगतात. कोणती टीम पुढे जाईल ते आधी कळत नाही, त्यामुळे ज्या गावात आपलं कोणी राहतं तिथलंच तिकीट काढा आणि परतीची तारीख बदलता येईल असं बघा. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, तो हिवाळ्यातच काढून ठेवा. आणि मिल वुड्सला गेलात तर गॅरेज उघडं दिसलं की आत जा, तिथे कोणी कोणाला बोलावत नाही, खुर्ची पुढे करतात.